चित्र, पडदा आणि विद्यार्थी

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एका कलाविद्यालयाच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्याचा योग आला. विद्यालयाचे नाव सांगत नाही. जे घडले ते अशा कोणत्याही वर्गात घडले असते. खिडक्यांचे पडदे ओढलेले, समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा झोत, आणि त्या झोतात एक चित्र. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांच्या फटींतून झिरपून चेहऱ्यावर पसरलेला उजेड. वाचकांनीही ते पाहिलेले असेल. धनत्रयोदशी उजाडली की ते मोबाइलवर येऊ लागते आणि भाऊबीज उलटेपर्यंत येतच राहते.

"चित्रकार कोण?" शिक्षकांनी विचारले.

"रविवर्मा!" अर्धा वर्ग एका सुरात म्हणाला.

"माध्यम?"

"ऑइल."

दोन्ही उत्तरे चुकली. चित्र सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे. मूळचे सावंतवाडीचे हे चित्रकार. आपल्या मुलीला समोर उभे करून १९४५-४६च्या सुमारास त्यांनी ते रंगवले, आणि आज ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. मुख्य म्हणजे ते जलरंगात आहे. शिक्षकांनी हे सारे नीट सांगितले. मुलांनी लिहून घेतले. मग शिक्षकांनी बटण दाबले आणि पुढचे चित्र आले. चाळीस मिनिटांत बत्तीस चित्रे झाली. मी मोजली, कारण दुसरे काही करण्यास सवडच नव्हती.

मुलांना हसावे असे मला वाटले नाही. पुढ्यात जो पुरावा होता त्यावरून त्यांनी दिलेले उत्तर चुकीचे म्हणता येत नाही. त्या उजळ भिंतीवर जलरंगाची अशी कोणती खूण उरली होती? कोणी उत्साही माणसाने रंग भडक करून ठेवलेले, खालचा भाग छाटलेला, कोपऱ्यात शुभेच्छांचा एक शब्द अर्धवट पुसलेला. कागद नाही, कागदाचा पोत नाही, पाणी कुठे थांबले आणि कुठे वाहिले याचा माग नाही. जलरंगात उजेड म्हणजे न रंगवलेला कागद. तैलरंगात तो वरून चढवता येतो. हळदणकरांची सगळी करामत या एका फरकात आहे, आणि नेमका तोच फरक पडद्याने पुसून टाकला होता. पडद्यावर सगळाच उजेड विजेचा.

हा घोटाळा आपल्याकडचाच आहे असे मात्र नव्हे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात व्हरमेरचे दूध ओतणाऱ्या दासीचे चित्र आहे. इंटरनेटवर त्याच्या दहा हजारांहून अधिक प्रती फिरत असल्याचे संग्रहालयाला आढळले, आणि त्यांतल्या पुष्कळशा पिवळट पडलेल्या. मौज अशी की, तेथील दुकानात मूळ चित्राशी रंग जुळवून छापलेली कार्डे पाहून लोक म्हणू लागले, हे खरे चित्र नव्हे! खरे ते पिवळे. २०११ साली ही हकीकत एका अहवालातून प्रसिद्ध झाली आणि 'पिवळी गवळण' म्हणून तिचा बोलबाला झाला. संग्रहालयाने त्यावर शहाणपणाचा उपाय केला: उत्तम प्रत आपणच सर्वांना मोकळी करून दिली. पण लोकांच्या नजरेत जे घडले ते लक्षात घेण्यासारखे आहे. नकलेने अस्सलाला खोटे ठरवले होते.

यावर आमच्या पिढीतले कोणी म्हणतील, आमच्या वेळी असली थेरे नव्हती. खरे आहे, पण मग काय होते तेही आठवावे. ग्रंथालयाच्या कुलपातले एखादे जाड पुस्तक, त्यात काळ्या शाईच्या ठिपक्यांत छापलेला रेम्ब्रांट, आणि तोही शिपाई जेवायला गेला नसेल तर! त्या ठिपक्यांतून आम्ही छायाप्रकाश शिकलो असे सांगतो, ती पुष्कळशी बढाई आहे. नक्कल तेव्हाही होती आणि आजच्याहून फार वाईट होती. परंतु तिच्यात एक गुण होता, ती आपण नक्कल असल्याचे लपवू शकत नव्हती. काळे-पांढरे चित्र पाहताना रंग कसे असतील ही हुरहुर लागून राही. पडद्यावरचे चित्र इतके गोंडस आणि सतेज असते की, पाहणाऱ्याला हुरहुर म्हणून लागत नाही. पाहिले, झाले. माझी तक्रार आहे ती या 'झाले'बद्दल.

आकाराची गोष्ट तर याहूनही वाईट. आंद्रे मालरोने १९४७ साली 'भिंतींविना संग्रहालया'ची कल्पना मांडली तेव्हाच हे ओळखले होते की, छायाचित्रात बोटाएवढी मुद्रा आणि पुरुषभर मूर्ती शेजारीशेजारी सारख्याच मापाच्या होऊन बसतात. त्या दिवशी वर्गात हेच चालले होते. तळहातावर ठेवून पाहायचे लघुचित्र, जेमतेम ४५ सेंटिमीटर उंचीची ती दासी आणि रेम्ब्रांटचा सुमारे ३.८ मीटर उंच, ४.५ मीटर रुंद 'रात्रीचा पहारा' ही सारी एकाच चौकटीत येऊन गेली. कुणालाही मान वर करावी लागली नाही की डोळे जवळ न्यावे लागले नाहीत. चित्र पाहण्यात मानेलाही काम असते, हे चित्रकलेच्या विद्यार्थ्याला कळायला नको काय?

इतके बोलून पडदा गुंडाळून ठेवा म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. हाच पडदा भिंत न होता भिंग होतो तेव्हा तो जे दाखवतो ते प्रत्यक्ष संग्रहालयात उभे राहूनही दिसत नाही. त्याच 'रात्रीच्या पहाऱ्या'ची ८,४३९ छायाचित्रे घेऊन, ती यंत्राने सांधून, राइक्स संग्रहालयाने २०२२च्या जानेवारीत ७१७ अब्ज बिंदूंचे एकच चित्र तयार केले. शेजारशेजारच्या दोन बिंदूंतले अंतर मिलिमीटरचा दोनशेवा भाग! त्यात शिरत गेले की रंगाच्या भेगा दिसतात, कुंचला कुठे जाड रंग ओढून थांबला ते दिसते. आपल्या अजिंठ्याचेही तेच. लेण्यांतल्या अंधुक उजेडात दिव्याचा झोत न टाकता छायाचित्रे घेण्याची हातोटी बिनॉय बहल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी साधली. त्या चित्रांत भिंतीवरचा रंग जितका दिसतो तितका लेण्यात उभ्या असलेल्या यात्रेकरूला दिसत नाही. त्याला दिसतो पुढच्याचा पाठीवरचा पिशवा. मुंबईच्या किंवा नागपूरच्या विद्यार्थ्याला हे बसल्या जागी मिळते ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्यासाठी एका चित्रावर चाळीस मिनिटे थांबायला हवे. बत्तीस चित्रे दाखवणाराने भिंग विकत घेऊन त्याचा पंखा केला असेच म्हणायचे.

घरोघरीही याची चुणूक दिसते. आपल्यापैकी कुणाचा मुलगा वा नात एलिमेंटरीच्या परीक्षेला बसत असेल, तर स्मरणचित्राचा सराव कसा चालतो ते एकदा पाहावे. विषय असतो दिवाळीच्या बाजाराचा. मूल मोबाइलवर कुणीतरी काढून दाखवलेला बाजार पाहते आणि तोच काढते. आकाशकंदिलांचे दुकान डावीकडे, पाठमोरी बाई उजवीकडे, मध्ये फुगेवाला. कोपऱ्यावरच्या खऱ्या बाजारातून ते मूल कालच हिंडून आलेले असते! स्मरण आहे, पण दुसऱ्याचे.

आणि काचेवर चित्र काढताना तर एक बटण असे असते की, ते दाबले की चुकलेली रेघ आपण काढलीच नव्हती असे होते. व्यवसायात त्याचा उपयोग मी जाणतो. पण जलरंगाचा वॉश एकदा टाकला की टाकला. तो वाळेपर्यंत जीव मुठीत धरून बसावे लागते. ही भीती शिकण्याचाच भाग आहे. जॉन ग्रिफिथ्स हे मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी हे त्याच तालमीतले. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्या पुष्कळशा नकला १८८५ साली तिथल्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या आगीत जळाल्या. पेस्तनजींचा हात काही त्या आगीत गेला नाही. पुढे कित्येक वर्षे त्याने उत्तम माणसे रंगवली.

वर्ग संपल्यावर चहा घेताना यातले थोडेसे मी त्या शिक्षकांपाशी बोललो. ते रागावले नाहीत. "मग अभ्यासक्रम कोण संपवणार?" एवढेच म्हणाले. याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि नाही. अभ्यासक्रम ठरवणारे वेगळे, तो संपवणारे वेगळे, आणि मागच्या बाकावर बसून मोजणारे तिसरेच.

यंदा आषाढात त्यांनी आपण होऊन मला पुन्हा बोलावले. पडदा होताच. पण त्या दिवशी चित्रे तीनच होती, आणि पडद्याशेजारच्या मोकळ्या भिंतीवर मुले फूटपट्टी आणि खडू घेऊन उभी होती. चित्र पडद्यावर आले की त्याचे खरे माप भिंतीवर आखायचे, असा त्यांनी नेम केला होता. दासीची चौकट आखून झाली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "एवढीशीच?" आणि पुढे होऊन तिने त्या रिकाम्या चौकटीपाशी, सवय असल्यासारखा, चेहरा जवळ नेला. मग सर्वांनी आपापल्या मोबाइलवर तेच चित्र काढून दासीच्या चोळीचा पिवळा रंग शेजारीशेजारी धरला. वीसेक मोबाइल, आणि दोघांचा पिवळा जुळेना. अर्धा तास त्यातच गेला.

'रात्रीचा पहारा' मात्र भिंतीवर मावेना. खडूची रेघ वर छताला भिडायला आली, आणि बाजूला सरकत सरकत दारावर चढली. खडू धरलेला मुलगा स्टुलावरून म्हणाला, "सर, हे थोडं कापावं लागेल." १७१५ साली ॲमस्टरडॅमच्या नगरगृहात ते चित्र नेले तेव्हा तिथल्या भिंतीवर ते मावेना म्हणून कडेच्या पट्ट्या खरोखरच कापून टाकल्या होत्या, हे सरांनी त्याला सांगितले. मुलगा स्टुलावर तसाच थांबला. मग त्याने रेघ दारावरून पुढे नेली आणि दाराचे फळकूट ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चौकट पुरी केली.