तेरची माती, रोमचा काटा

तेरविषयी मराठीत जे प्रवासलेखन वाचावयास मिळते, त्याची सुरुवात बहुधा रोमपासून होते. लेखक धाराशिव जिल्ह्यातील या गावी उतरतो, तेरणेच्या काठावर क्षणभर थांबतो आणि लगेच रोमन साम्राज्याशी चालणाऱ्या व्यापाराच्या गौरवात रमून जातो. गौरव खोटा नाही. ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक पुस्तकात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नगराचा उल्लेख आहे. तेथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई. हे तगर म्हणजेच तेर, असे फ्लीट या पंडिताने 1901 मध्ये मांडले आणि ते आज सर्वमान्य झाले आहे. आमची तक्रार वेगळी आहे. तेरची कला तेरच्या काट्यावर तोलण्याचे कष्ट यांपैकी फारच थोडे लेखक घेतात.

वसईकर वाचकांना तर हे गाव परके वाटण्याचे कारणच नाही. त्याच ग्रीक पुस्तकात सोपारा आणि कल्याण यांचीही नावे आहेत. पुढे ठाणे आणि उत्तर कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, म्हणजे आपले मूळ तेरशी जोडीत. आपल्या उंबरठ्याशी असलेला सोपाऱ्याचा विटांचा स्तूप, जो भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये उकरला, तो किती धर्मग्रामांच्या सहलींनी पाहिला असेल, हा प्रश्न येथे विचारून ठेवतो व पुढे जातो.

तेरचे वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावे आहे, आणि ते योग्यच आहे. पांढरीच्या टेकाडांतून निघणारे मणी, मूर्ती, नाणी, खापरे या गृहस्थांनी आयुष्यभर गोळा केली. नंतर तो संग्रह शासनाकडे आला. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी प्रत्येक मार्गदर्शक थांबतो, कारण तिच्याशी साम्य असलेली मूर्ती 1938 मध्ये इटलीतील पाँपेई येथे मिळाली. पाँपेई इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे काळाचा अंदाजही बांधता येतो. पण मूर्तीचा केशसंभार, कटिमेखला, उभे राहण्याची ढब यांविषयी कोणी चार वाक्ये बोलत नाही. जणू पाँपेईने दाखला दिला नसता, तर ही मूर्ती सुंदर ठरली नसती!

आम्हांस स्वतःला हस्तिदंतापेक्षा माती अधिक बोलकी वाटली. पांढऱ्या चिकणमातीच्या लहान मूर्ती दोन साच्यांत दाबून, दोन्ही अंगे जोडून केलेल्या आहेत. ही दुहेरी साच्याची रीत रोमी जगातून आली असे विद्वान मानतात. तसे असेलही, मात्र साच्यातून जो चेहरा बाहेर आला, त्याचे दागिने आणि केशरचना दक्षिणापथाची आहे. रोमी नाण्यांवरून घडवलेल्या मातीच्या चकत्या तर आणखी गमतीच्या. त्यांना वर दोरा ओवण्याची सोय आहे. ज्या सम्राटाच्या मुद्रेपुढे अर्धे जग वाकले, तिचे तेरच्या कारागिराने गळ्यातले लेणे केले! याला नुसती नक्कल म्हणणे आम्हांस पटत नाही.

गावातील त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. त्याची मागची भिंत अर्धवर्तुळाकार आणि छत गजपृष्ठासारखे. आमच्या वाचकांनी येथे थोडा वेळ उभे राहावे. जुन्या चर्चमध्ये वेदीमागची भिंत जशी वळते, तशीच ही वळते. मूळचे हे बौद्ध चैत्यगृह, असे कझिन्सपासून अनेकांचे मत. काहींना ते मान्य नाही. विटांचे असे उभे चैत्याकार बांधकाम भारतात फार विरळा, आंध्रातील चेझर्ला हे दुसरे ठळक उदाहरण. तेरच्या जुन्या विटांची पाण्यावर तरंगण्याची ख्याती आहे. मातीत मिसळलेला कोंडा भट्टीत जळून जातो, विटेत बारीक पोकळ्या राहतात, वीट हलकी होते. संग्रहालयात काचेमागे ठेवलेल्या वस्तूंइतकीच ही कारागिरी मोलाची आहे, पण तिच्यापुढे कोणी थांबत नाही.

आणि मातीचे गाव म्हटल्यावर गोरोबाकाकांना टाळून कसे चालेल? त्यांची समाधी 1317 ची मानतात. थापटणे घेऊन संतांच्या डोक्यावर थापट्या मारीत कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे हे पाहणारा हा कुंभार. त्या परीक्षेत नामदेवच कच्चे निघाले, ही कथा मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. समीक्षकाच्या धंद्याचे एवढे नेमके चित्र आम्हांस दुसरे आठवत नाही. संदेष्टा यिर्मयाही कुंभाराच्या घरीच शिकावयास गेला होता. तेरला येणारे दर्शन घेतात, नारळ फोडतात आणि परततात. गावात कोणी चाक फिरवतो का, मडक्याला किती भाव मिळतो, स्टील आणि प्लॅस्टिकने त्या घराचे काय केले, हे विचारण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

खाण्याच्या बाबतीत प्रवासलेखक सर्वाधिक फसतात. ‘स्थानिक चव’ शोधत ते रस्त्यावरच्या हॉटेलात शिरतात आणि तेथे मिळणाऱ्या तिखट रश्श्याला मराठवाडा समजतात. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली तर नशीब. या भागाचे खरे जेवण वेळ अमावास्येला शेतात असते. ती मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. पुष्कळदा आपल्या नाताळच्या सुट्टीच्या आसपासच येते. धाराशिव आणि लातूरकडे त्या दिवशी गावे ओस पडतात, सारी माणसे शिवारात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. पालेभाज्या आणि हिरव्या शेंगांचे दाणे एकत्र शिजवून बेसन लावलेली दाट भाजी. हे जेवण विकत मिळत नाही, आमंत्रण मिळावे लागते; पण शेताच्या बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. ज्वारीच्या पिठाची, ताक घातलेली आंबील घरून मडक्यात भरून, डोक्यावरून शेतापर्यंत आणलेली असते.