मुक्तविश्वाची भाषा : ‘स्कायरिम’ व ‘राजी’ या दोन संगणकीय खेळांचा विचार

संगणकीय खेळ हे मनोरंजनाचे साधन आहे, एवढ्याच कारणाने त्याला समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवणे आता शक्य नाही. त्यातही मुक्तविश्वात्मक अद्भुतरम्य खेळात खेळणारा नुसता प्रेक्षक नसतो. तो एका पात्राची भूमिका घेतो, वाटेल त्या दिशेने जातो आणि भेटेल त्याच्याशी बोलतो. म्हणूनच अशा खेळाचे मूल्यमापन करताना त्यातील भूगोलाइतकाच संभाषणाचाही विचार करावयास हवा.

अमेरिकेतील बेथेस्डा या संस्थेचा ‘स्कायरिम’ (२०११) हा या प्रकाराचा प्रातिनिधिक नमुना होय. दूरवर दिसणारे शिखर येथे केवळ पडद्यावरचे चित्र नसते; तेथे चढून जाता येते. मुख्य कथानक बाजूस सारून खेळणाऱ्याने नुसती भ्रमंती केली तरी खेळ अडत नाही. जागोजागी सापडणारे ग्रंथ एकाच इतिहासाच्या परस्परविरोधी हकीकती सांगतात. त्यामुळे या कल्पित जगाला भूतकाळाची खोली लाभते. भाषेच्या अभ्यासकास विशेष लक्षणीय वाटावी अशी गोष्ट म्हणजे ड्रॅगनांसाठी रचलेली स्वतंत्र भाषा व लिपी. या भाषेतील शब्द उच्चारताच अग्नी प्रकटतो. शब्द आणि शक्ती यांचे अद्वैत मानणाऱ्या मंत्रकल्पनेशी तिचे नाते सहज जुळते.

तथापि ज्या कर्त्यांनी ड्रॅगनांच्या वाणीवर एवढे परिश्रम घेतले, त्यांच्या हातून माणसांची वाणी मात्र उणी राहिली. गुडघ्यात बाण लागल्यामुळे भटकंती सोडावी लागल्याची कहाणी निरनिराळ्या गावांचे पहारेकरी त्याच शब्दांत ऐकवतात. ते नायकाच्या पराक्रमाचा अधूनमधून उल्लेख करतात खरे. पण परका वाटसरू सरदारपदी पोहोचला तरी त्यांच्या बोलण्याचा सूर फारसा पालटत नाही. जग विस्तारत जाते, परंतु नाती वाढत नाहीत. हा या खेळाचा गाभ्यातील दोष होय.

याच्या उलट ‘राजी’चे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा हा खेळ २०२० साली प्रसिद्ध झाला. असुरांनी पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली राजी ही त्याची नायिका. तो मुक्तविश्वात्मक नाही. त्याची वाट आखीव आहे आणि त्याचा आवाकाही लहान आहे. राजस्थानी वास्तुशिल्पाचा आधार घेतलेली दृश्ये, छायाबाहुल्यांच्या द्वारे सांगितलेले कथाभाग आणि भित्तिचित्रांतून उलगडणाऱ्या पुराणकथा हे त्याचे बळ. परंतु निवेदक म्हणून दुर्गा व विष्णू यांचे भाष्य इतके सतत चालते की खेळणाऱ्याने स्वतः अर्थ लावण्यास अवकाश उरत नाही. मूळ खेळातील संवाद इंग्रजी होते. हिंदी संवाद २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले.

‘स्कायरिम’सारखा खेळ मराठीत रचावयाचा झाल्यास काय होईल? इंग्रजीतील ‘यू’ हे सर्वनाम लहानथोर, ओळखीचा-अनोळखी, स्त्री-पुरुष या साऱ्यांना झाकून टाकते. मराठीत ही सोय नाही. खेळणाऱ्याने स्त्रीरूप निवडले तर ‘तू आलीस’, पुरुषरूप निवडले तर ‘तू आलास’, अशी दोन वाक्ये लिहावी लागतील. ‘तुम्ही आलात’ म्हटल्याने लिंगभेद टळेल, पण मग पहारेकऱ्याने अनोळखी वाटसरूला पहिल्याच भेटीत मान दिल्यासारखे होईल. तो ‘तू’वरून ‘तुम्ही’वर केव्हा येतो, हीच नायकाच्या उत्कर्षाची खूण ठरेल. जे नाते इंग्रजी संहितेत अव्यक्त राहू शकते, ते मराठी व्याकरण लेखकाकडून वदवून घेईल.

बोलीचा विचार केला की प्रश्न आणखी सूक्ष्म होतो. इस्लामपूर (२०२५ पासून ईश्वरपूर) येथील बाजारात अण्णा, तात्या, मामी, आक्का यांपैकी कोणते संबोधन वापरले, यावरून वय व सलगी कळते. सांगली-कोल्हापूर भागातील अनेक स्त्रिया ‘मी आले’ऐवजी ‘मी आलो’ म्हणतात. या भागातील नायिकेच्या तोंडी ‘मी आलो’ घातले, तर प्रमाणभाषेच्या वाचकास ती चूक वाटेल. स्थानिक श्रोत्यास मात्र तीच खरी वाटेल. लिंगाप्रमाणे क्रियापदाचे रूप बदलणारी यांत्रिक योजना येथे अपुरी पडते. तेथे बोली कानांनी ऐकलेला लेखकच हवा.

‘राजी’ची नायिका एकच असल्यामुळे तिची भाषा ठरविणे तुलनेने सोपे आहे, मुक्तविश्वात तीच गोष्ट शेकडो संवादांत सांभाळावी लागते. डोंगर, नद्या व दुर्ग यांची संख्या वाढविल्याने विश्व विशाल होईल, मुक्त होईलच असे नाही. आपण बोललो म्हणून समोरच्याचे बोलणे बदलले, असा अनुभव जेथे येतो तेच विश्व खऱ्या अर्थाने मुक्त. मराठीत असा खेळ घडवू पाहणाऱ्यांनी नकाशाआधी सर्वनामांचा विचार केला, तर ‘स्कायरिम’ची उणीव भरून काढण्याचे साधन त्यांना आपल्या भाषेतच सापडेल.