अभिरूप न्यायालयातील सामंत

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाची (‘रंगायन’, १९६७) चर्चा बहुधा लीला बेणारेच्या छळाभोवती फिरते, आणि ते रास्तच आहे. परंतु छळणाऱ्यांना ‘पुरुषप्रधान समाज’ एवढ्या शब्दांत गुंडाळण्याची घाई समीक्षेने केली, असे आम्हांस वाटते. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे यांची कारणे नाटककाराने झाकलेली नाहीत. बेणारे प्रारंभीच सामंताशी बोलताना त्यांचे अपयश थट्टेने उघडे करते. तोच सल त्यांना खटल्यात पुढे रेटतो. ही माणसे झुंडीमागे जात नाहीत, झुंड त्यांच्या सोयीची आहे.

खरा प्रश्न सामंताचा आहे. तो त्या गावचा, मंडळींना नवखा; बेणारेशी त्याचे वैर तर नाहीच, उलट तिच्याविषयी त्याच्या मनात आदर आहे. तरीही साक्षीदार म्हणून उभे करताच तो हातातल्या कादंबरीच्या आधारे प्रा. दामल्यांच्या खोलीतील प्रसंग रचून सांगतो. मंडळींचा संशय त्या उसन्या मजकुरावर पोसला जातो आणि खेळ खेळ उरत नाही.

सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही, बहुमत चुकीचे असता सुमारे एकतृतीयांश उत्तरे त्याच्या बाजूने पडली. खरे बोलणारा एक जरी सोबती मिळाला, तरी हे प्रमाण झपाट्याने घटले. सामंताला मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. अ‍ॅश यांच्या प्रयोगातील माणसाला सत्य दिसत होते. सामंताला काहीच ठाऊक नाही, आणि त्याच्यावर दडपणही नाही. (असलेच तर ते पाहुण्यांचा हिरमोड होऊ नये, एवढेच.) त्याच्याकडून साक्ष वदवते ती भीड. ज्या विषयात आपले मत नाही तेथे गप्प राहणे त्याला असभ्यपणाचे वाटते, आणि ‘हा तर सराव’ या सबबीने जबाबदारीही उरत नाही.

बेणारेला सोबती हवा होता, तो तिला सामंतात मिळू शकला असता. भ्रूणहत्येच्या आरोपावरून चाललेला खटला गर्भ नष्ट करण्याच्या निकालावर संपतो, तेव्हाही हा भला माणूस हरकत घेत नाही. नंतर तो तिच्याजवळ हिरवा कापडी पोपट ठेवून निघून जातो.