भुताला बी जात असती

मागल्या महिन्यात वरकुट्यात आपली बैठक झाली. वाचनालयासाठी कोणची पुस्तकं घ्यायची, हा विषय होता. एक जण तावातावानं बोलला, "भुताखेताचं एक बी पुस्तक नको. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाचा हडळीशी काय संबंध?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

त्याच दिवशी माझी दुसरी पाळी होती. रात्री सूतगिरणीतून सुटलो, सायकलवर ओढ्याकाठच्या चिंचेपाशी आलो आणि पाय आपसूक जोरात पायडल मारायला लागले. छातीत धडधड. अंगावर काटा. घरी येऊन पाणी प्यालो आणि माझी मलाच लाज वाटली. प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या माणसात ही भीती घातली कुणी? ते शोधायला पुस्तकं काढून बसलो. मी प्राध्यापक नाही. दहावीनंतर साच्यावर उभा राहिलो, वाचलं ते जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा याला समीक्षा म्हणा नाहीतर कैफियत म्हणा.

आधी भुतांचीच जात बघा. मुंजा व्हायचं तर मुंज झालेली पाहिजे. मुंजीनंतर लग्नाआधी मेलेला बटू पिंपळावर बसतो, गाव त्याला पार बांधतं, दिवा लावतं. ब्रह्मसमंध व्हायलाही ब्राह्मणाच्याच पोटी जन्म लागतो. आमचं तापानं मेलेलं पोरगं काय होतं? त्याला पिंपळ नाही, पार नाही. चातुर्वर्ण्य मेल्यावरही सुटत नाही, हे कुठल्या शास्त्रीबुवानं कबूल केलं नसेल, भुतांनी मात्र केलंय.

आता पुस्तकं. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) हे मराठी भयकथेतले दोन मोठे लेखक. खोटं कशाला बोलू, धारपांची 'लुचाई' मी एका बैठकीत संपवली. ती स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवर बेतलेली, तरी भीती आपल्या मातीतली वाटते. धारपांचा 'समर्थ' आपल्या शक्तीनिशी अरिष्टाशी झुंजतो. मतकरींच्या गूढकथेत तर भूत पुष्कळदा माणसाच्या मनातच दबा धरून असतं. ही कारागिरी अस्सल आहे. आपल्या कवींनी ती शिकावी.

पण अशा भयकथांचा सांगाडा तपासा. बहुतेक वेळा घर आधी सुखाचं असतं, मग बाहेरून काहीतरी आत शिरतं. म्हणजे ज्याचं घर मुळात सुखाचं होतं त्याचीच ही गोष्ट. आणि हे 'बाहेर' म्हणजे कुठं? गावकुसाबाहेरचा ओढा, मसणवट, पडकी विहीर. मित्रहो, हा तर आपला पत्ता आहे! महारवाडा, मांगवाडा तिकडंच होता. पेशवाईत अस्पृश्याची सावली सवर्णावर पडू नये म्हणून त्याला रस्ता बंद होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या होऊ न दिलेल्या भाषणात मांडलंय. ज्याच्या सावलीला लोक भितात त्याला काय म्हणतात? आम्हाला जितेपणीच भूत केलं. मग पांढरपेशा वाचकानं भ्यायचं आणि आम्ही बी त्याच्यासारखंच भ्यायचं, हा कुठला न्याय?

दोन सोनी शेजारी ठेवून बघा. 'तुंबाड' (२०१८) हा हिंदी सिनेमा धारपांच्या कथेवरून सुचलेला. त्यात वाड्याच्या पोटात सोनं आहे. ते ज्याच्यापाशी आहे तो हस्तर अन्नाला भुकेला, आणि माणूस त्याला कणकेची बाहुली दाखवून मोहरा पळवतो. अण्णाभाऊ साठ्यांच्या 'स्मशानातील सोनं'मध्येही सोनंच आहे, पण ते राखेत आणि प्रेताच्या तोंडात. मुंबईत खाणीचं काम बंद पडलं म्हणून भीमा मढी उकरतो. भुतं मसणात नाहीत, माणसांच्या वस्तीत आहेत, असं तो बायकोला बजावतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात हात अडकून बोटं गमावतो, आणि मग कळतं की खाण परत सुरू झाली. तुंबाडात भूत भुकेलं आणि माणूस लोभी. अण्णाभाऊंकडं मेलेला गप्प पडलाय, भूक जित्या माणसाला आहे. आम्हाला हीच गोष्ट ओळखीची वाटते. गिरणीला टाळं लागलं की कामगाराची बी गत भीमासारखीच होते.

शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) मध्ये विहिरीत प्रेत आहे. भयकथेत ते आपणहून वर आलं असतं. इथं बापाला खाली उतरून ते वर काढावं लागतं, कारण तो तराळ, गावकीचं काम त्याच्या माथी. वाचताना आपण प्रेताला भीत नाही. बाप धड वर येतो का नाही, याला भितो.

बेबीताई कांबळे (१९२९–२०१२) नीरेपलीकडच्या फलटणच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. त्यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये आषाढात बायांच्या अंगात येतं, पोटची पोरं पोतराज म्हणून सोडली जातात. बेबीताई हे लपवत नाहीत आणि हसण्यावारीही नेत नाहीत. एरवी जिचं कुणी ऐकत नाही तिच्या अंगात आलं की सगळे हात जोडतात. उपाशी, अडाणी ठेवलेल्या वस्तीत देव न् भूत कसे मुरतात, ते आपल्याच माणसानं सांगितलंय.

हे वाचताना मला थांबावं लागलं. मी सात वर्षांचा असताना माझी आत्या बाळंतपणानंतर तापली. 'बाहेरचं लागलंय' म्हणून तिला देवऋष्याकडं नेलं. अंगारा लावला, लिंबू उतरवलं. दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा उशीर झाला होता. ओली बाळंतीण मेली म्हणजे हडळ होते, असं बायका म्हणाल्या. ती ओढ्याकाठच्या चिंचेवर दिसते, असंही म्हणाल्या. त्यात आपल्या वस्तीतल्या बायाही होत्या, हे लिहिलंच पाहिजे. म्हणजे त्या रात्री मी पळालो तो माझ्याच आत्याला भिऊन. जिनं मला कडेवर घेऊन भाकर चारली तिला! तिची लेक आज त्याच चिंचेखालून कॉलेजला जाते.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा देवऋष्याला पकडील. चिंचेवरची गोष्ट त्याच्या हाती लागायची नाही. तिला उत्तर म्हणून दुसरी गोष्टच सांगावी लागते.

दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच, पण शिकून शहरात आलेल्या दयाला महारवाड्यातला दगडू सोडत नाही. मराठीतलं सगळ्यात खरं झपाटणं मला हे वाटतं. हा दगडू मंत्रानं उतरत नाही, त्याचं ऐकून घ्यावं लागतं.

आपल्या इंदापूर तालुक्यात १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनीच्या पाण्याखाली गावं गेली. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला धावतात. मातीच्या भिंतींची घरं वर येत नाहीत, त्यांचा गाळ झाला. साहित्याचंही तेच. वाड्यातली भुतं छापून येतात. गाळ झालेल्यांना वर काढायचं काम आपलं आहे.

म्हणून टाळ्या मी मागं घेतो. धारप, मतकरी वाचनालयात येऊ द्या. त्यांच्या शेजारी अण्णाभाऊ, खरात, बेबीताई, दया पवार ठेवा. भीती कुठून येते ते पोरांना ताडून बघू द्या. भीती जाळून जात नाही.

आता पाळी सुटल्यावर चिंचेपाशी मी सायकलवरून उतरतो आणि हातात धरून चालत जातो. धडधड अजून होते. आत्याचं नाव मोठ्यानं घेतो. पुढच्या बैठकीला पुस्तकांची यादी आणतो.

जयभीम.