सुवचने आणि त्यांची मूळ घरे

जयपूरच्या वैशाली नगरात वाढणाऱ्या मराठी मुलाची शाळा आणि खेळ बहुधा हिंदी-इंग्रजीत चालतात. मराठी वाङ्मय त्याच्या घरी पुष्कळदा मोबाइलवरील एखाद्या सुवचनाच्या रूपानेच येते. जीवन, संस्कार, श्रद्धा किंवा विनोद यांविषयी एक सुबक वाक्य असते आणि त्याखाली साने गुरुजी, वि. स. खांडेकर अथवा पु. ल. देशपांडे यांचे नाव. महाराष्ट्रात अशा वाक्याच्या आगेमागे पुस्तकांची सोबत असते. येथे ते वाक्य म्हणजेच वाङ्मय, असा समज होण्याचा संभव आहे. म्हणून मूळ कृतीतून तोडलेल्या सुवचनाचे काय होते, हे पाहणे अगत्याचे वाटते.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहावयास घेतलेल्या 'श्यामची आई'तील एक प्रसंग सर्वपरिचित आहे. स्नानानंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम आईला लुगड्याचे ओचे धोंड्यावर पसरावयास सांगतो. ती ते पसरते. पायांना जपतोस तसे मनालाही जप, शुद्ध बुद्धीसाठी देवाची प्रार्थना कर, अशा आशयाचा उपदेश ती त्यानंतर करते. नुसता उपदेश कोणत्याही नीतिपाठात शोभला असता. त्याला वजन येते ते त्या पसरलेल्या ओच्यांमुळे. आधी हट्ट पुरवला आणि मग शब्द उच्चारला, हा क्रम गेला की मातृवाणीचे पंतोजीवचन होते.

खांडेकरांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. त्यांची शैलीच सुभाषितांकडे झुकणारी. परंतु १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ययाति'त ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःची कहाणी सांगतात. भोगलालसेपायी मुलाचे तारुण्य मागणाऱ्या राजाने जीवनाविषयी काढलेला उद्गार हा त्या राजाचा असतो. त्यात त्याची आत्मवंचनाही मिसळलेली असते. खाली 'खांडेकर' असे लिहिताच ती दिसेनाशी होते आणि मोहाचे समर्थन तत्त्वज्ञान म्हणून मिरवू लागते. या गफलतीचा थोडा दोष लेखकाकडेही जातो. त्यांची पात्रे इतक्या सारख्या अलंकृत भाषेत बोलतात की त्यांची वाक्ये सहज सुटी होतात.

विनोदाचीही गत निराळी नाही. 'व्यक्ती आणि वल्ली'तील अंतू बर्व्याच्या तिरकस बोलण्यावर आपण हसतो. पण त्या तिरकसपणाखाली रत्नागिरीतील दारिद्र्य आणि एकाकी म्हातारपण दडलेले आहे. शेरा तेवढा उचलला तर हशा हाती लागतो, माणूस मागे राहतो.

यावर कोणी म्हणेल की, म्हणीही संदर्भावाचून चालतात. चालतात खऱ्या, पण म्हण कोणा एकाची नसते. पिढ्यांच्या वापराने ती गुळगुळीत झालेली असते आणि बोलणारा दर वेळी तिला नवा प्रसंग पुरवतो. सकाळी पाठवलेल्या सुवचनाला असा प्रसंग लाभत नाही.

सुवचने टाकून द्यावीत, असे नव्हे. परप्रांतीच्या घरात ती पहिली ओळख करून देऊ शकतात. मात्र तेवढ्यावर न थांबता मूळ प्रकरण मोठ्याने वाचले जावे. श्यामही आपल्या आईच्या आठवणी एका बैठकीत संपवीत नाही. आश्रमातील मित्रांना तो त्या रात्रीमागून रात्री सांगतो. वैशाली नगरातील घराला तेवढा वेळ काढणे अशक्य नाही. मुलाला मग आईचा उपदेश थोडा उशिरा ऐकू येईल. आधी त्याला धोंड्यावर पसरलेले ओचे दिसतील.