'स्मृतिचित्रां'तील सेवाधर्म

ख्रिस्ती मंडळींत कृतज्ञता व सेवा ह्या शब्दांचा उच्चार उपासनेत वारंवार होतो. परंतु उच्चार व आचार ह्यांतील अंतर मोजावयाचे झाल्यास, १९३४ सालापासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडेच वळावे, असे आम्हांस वाटते.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. टिळकांचा हात सढळ, दार सदैव उघडे. बालकवी ठोमरे ख्रिस्ती नसूनही ह्या घरी घरच्यासारखे राहिले. दात्याचे औदार्य चारचौघांत दिसते. त्यापायी चुलीपुढे कोण बसले, रिकामा डबा कोणी पाहिला, हे सहसा कोणी विचारीत नाही. लक्ष्मीबाई नेमके तेच दाखवितात, आणि तेही कुरकुरीवाचून. त्यांच्या विनोदाने टिळकांच्या हट्टीपणाची झळ कोठे कोठे फारच सौम्य होते, एवढे मात्र म्हटलेच पाहिजे. तथापि त्याच विनोदामुळे सेवेला प्रौढीचा स्पर्श होत नाही.

कृतज्ञतेचेही तसेच. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. लग्नानंतर लिहावाचावयास शिकलेल्या ह्या बाईंनी ते पुढे चालविले. पतीचे ऋण त्यांनी शब्दांनी मानले नाही, श्रमाने फेडले.

मंडळीने आभार मानावयाचे ते देणाऱ्याचे तर खरेच. पण आमच्या मते, निस्तरणाऱ्याचे आधी.