सोन्याच्या पर्वतावरचे पूर्वज

आपल्याकडील कुलवृत्तांतांत एक शब्द वारंवार भेटतो : ‘परागंदा’. वंशवृक्षाच्या एखाद्या फांदीखाली तेवढा शब्द लिहिला की संपादकाचे काम संपते. मनुष्य कोठे गेला, कशासाठी गेला, तेथे त्याचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. मॅक्सीन हाँग किंग्स्टन या चिनी वंशाच्या अमेरिकन लेखिकेने ‘चायना मेन’ (१९८०) या ग्रंथात आपल्या घराण्यातील अशाच पुरुषांचा माग काढला आहे. देवस्थानच्या महाजनांच्या वहीत आपले कूळ शोधणाऱ्या आमच्या वाचकांनी तो अवश्य पाहावा.

१८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि दक्षिण चीनच्या खेड्यांतून लोक तिकडे लोटले. त्या भूमीला त्यांनी ‘सोन्याचा पर्वत’ हेच नाव दिले. वरवरचे सोने लवकरच सरले. नाव मात्र टिकले, आणि त्या नावामागे पिढ्यान् पिढ्या माणसे जात राहिली. लेखिकेच्या आजोबांच्या वाट्याला सोने आले नाही. सिएरा नेवाडाचा कातळ फोडून लोहमार्ग नेण्याचे काम आले. टोपलीत बसून कड्यावरून लोंबकळत सुरुंग पेरणारे हे आजोबा, १८६७ चा मजुरांचा संप आणि १८६९ मध्ये मार्ग पुरा होताच चिनी मजुरांची झालेली हकालपट्टी, ही प्रकरणे ग्रंथात सर्वांत उतरली आहेत.

अशा पूर्वजाचा माग अवघड का, याचे उत्तर कायद्यात आहे. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने परदेशी खाणवाल्यांवर दरमहा २० डॉलरांचा कर बसविला. १८५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या माणसाविरुद्ध चिनी माणसाची साक्ष अग्राह्य ठरविली. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशच बंद झाला. तो थेट १९४३ मध्ये रद्द झाला. मध्यंतरी १९०६ च्या भूकंपात व आगीत सान फ्रान्सिस्कोचे जन्मदाखले जळाले. मग अनेकांनी आपला जन्म तेथलाच असल्याचे सांगितले, आणि अशांचे पुत्र म्हणून परकी मुलेही कागदोपत्री आत आली. त्यांना ‘कागदी पुत्र’ म्हणत. ज्या घरात खरे नाव उच्चारणे म्हणजे हद्दपारी, त्या घरात वंशावळ मुकीच राहणार.

लेखिकेचे वडीलही असेच अबोल. ते देशात कसे आले, याच्या तिने अनेक हकीकती दिल्या आहेत : एकीत ते पेटीत लपून जहाजाने येतात, दुसरीत एंजल बेटावरील तपासणीतून रीतसर, आणि अन्यत्र ते १९०३ मध्ये सान फ्रान्सिस्कोतच जन्मतात. यांतील एकीवरही ती सत्याचा शिक्का मारीत नाही. वंशाच्या वादात मृत आप्ताचे विधान न्यायालय स्वीकारते, पण ते वाद उपस्थित होण्यापूर्वीचे असावे लागते. येथे तर प्रत्येक विधान सरकारी अधिकाऱ्यापुढे, धाकाने केलेले. अशा पुराव्यावर एकच निकाल देण्याचे लेखिकेने टाळले, हा तिचा प्रामाणिकपणा होय.

ग्रंथाच्या मध्यभागी १८६८ च्या तहापासूनच्या कायद्यांची कोरडी जंत्री आहे. कथेच्या ओघात ती खडा लागल्यासारखी वाटेल. आमच्या मते तोच ग्रंथाचा कणा आहे. ती वाचल्यावर आजोबांचे मौन हा दोष न राहता शिक्षा ठरते.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. आरंभी लेखिकेने तांग आओ नावाचा प्रवासी स्त्रियांच्या राज्यात सापडून त्याचे पाय बांधले जातात, अशी कथा दिली आहे. ली रुझेन याच्या मूळ कादंबरीत हा प्रसंग त्याच्या व्यापारी मेहुण्यावर, लिन याच्यावर, येतो. कथा बदलण्याचा लेखकास अधिकार आहे. पण वडिलांच्या बाबतीत जी पर्यायांची उघड मांडणी केली, ती येथे नाही. तर्क तो तर्क असे एकदा म्हटले, की तो नियम सर्वत्र पाळावा.

तरी या पद्धतीचे फळ मोठे आहे. आपण चुकत असू तर तसे सांगावे, असे लेखिकेने वडिलांस ग्रंथातच विनविले होते. पुढे ग्रंथाच्या चिनी प्रतीच्या समासांत वडिलांनी स्वहस्ते उत्तरे लिहिली. ठाम विधानाने ती मिळाली असती, असे आम्हांस वाटत नाही. आमच्या कुलवृत्तांतकारांनी ‘परागंदा’ या शब्दाखाली तीन ओळी मोकळ्या सोडाव्यात : कागदाने सिद्ध झालेले, वडीलधाऱ्यांनी सांगितलेले, आणि आपण कल्पिलेले. तिन्ही भराव्यात, पण एकीत दुसरी मिसळू नये.